चित्राचा अर्थ सांगायचा नाही

लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात, नेदर्न नावाचं एक मोठं मनोरुग्णालय होतं. १९४६ साली तिथे एडवर्ड अ‍ॅडमसन कामाला लागले. ते डॉक्टर नव्हते की परिचारक नव्हते, चित्रकार होते. चित्रं काढण्यातून मनाच्या आजारावर उपचार करण्याच्या ज्या पद्धतीला आज कलोपचार (आर्ट थेरपी) म्हणतात, तिची ही गोष्ट. स्किझोफ्रेनियावर तेव्हा औषध म्हणावं असं काही नव्हतं. त्यावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, यायला अजून काही वर्षं होती. इन्सुलिन टोचून रुग्णाला बेशुद्धीत न्यायचं, विजेचे झटके द्यायचे, नाहीतर मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू शस्त्रक्रियेनं कापायचे, हे त्या काळचे आधुनिक उपचार. अशा जागी रंग, ब्रश घेऊन माणूस नेमायची कल्पना आली कुठून?

ती आली क्षयरोगातून. एड्रियन हिल नावाचे चित्रकार १९३८ मध्ये क्षयामुळे मिडहर्स्टच्या आरोग्यधामात पडून होते. वेळ जावा म्हणून ते खाटेवरच चित्रं काढत राहिले, त्यातून आपल्याला उभारी येते असं त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांनी इतर रुग्णांनाही पेन्सिल धरायला लावलं. पुढे रुग्णालयांमध्ये चित्रं पोचवण्याचा आणि त्यांवर बोलण्याचा एक उपक्रम निघाला. त्याच वाटेनं अ‍ॅडमसन नेदर्नला पोचले.

रुग्णालयाचे प्रमुख एरिक कनिंगहॅम डॅक्स यांना मात्र करमणूक नको होती, संशोधन हवं होतं. रुग्णाच्या चित्रावरून आजाराबद्दल काही कळतं का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी अटी घातल्या. चित्रकारानं चित्रकला शिकवायची नाही. विषय सुचवायचा नाही. चित्राचा अर्थ सांगायचा नाही. साहित्य सगळ्यांना सारखंच. असं केलं तरच एका रुग्णाचं चित्र दुसऱ्याच्या चित्राशी ताडून पाहता येईल आणि त्यात शिक्षकाचा हात मिसळणार नाही. प्रयोगशाळेत नमुना दूषित होऊ नये म्हणून घेतात, तशीच ही काळजी.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, संशोधनाच्या सोयीसाठी घातलेली ही शिस्तच पुढे उपचाराचा गाभा ठरली. ज्या माणसाला दिवसभर कुणी ना कुणी तपासत असतं, काय होतंय विचारत असतं आणि उत्तराची नोंद करत असतं, त्याला इथे काही वेळ कुणी काही विचारत नसे. डॅक्स पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. अ‍ॅडमसन मात्र १९८१ पर्यंत नेदर्नलाच राहिले. रुग्णांची चित्रं त्यांनी जपून ठेवली. त्यांतली हजारो आज लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत.

आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य’ छापाचे लेख अधूनमधून येतात. प्रशिक्षित कलोपचारक असलं भविष्य सांगत नाही. काळा रंग कदाचित एवढ्यासाठीच वापरलेला असतो की बाकीच्या बाटल्या शेजाऱ्यानं पळवल्या!

ब्रिटनमध्ये आज ‘आर्ट थेरपिस्ट’ ही उपाधी कायद्यानं संरक्षित आहे. पदव्युत्तर शिक्षण आणि सरकारमान्य नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. मनोरुग्णालयातलं सत्र साधारण तास-दीड तासाचं असतं. गट लहान, वेळ आणि खोली शक्यतो ठरलेली. वॉर्डात कात्र्या मोजून देतात आणि मोजून परत घेतात, काचेच्या बरण्या चालत नाहीत. चिकणमाती, खडू, पोस्टर कलर, जुनी मासिकं मांडलेली असतात. कुणी लगेच कामाला लागतं, कुणी नुसतं बसून राहतं; तेही चालतं. शेवटी ज्याला बोलायचं असेल तो बोलतो. चित्र रुग्णाच्या नोंदींइतकंच खासगी मानलं जातं, त्याच्या संमतीशिवाय ते भिंतीवर लागत नाही.

याचा उपयोग कसा होत असेल? स्किझोफ्रेनियात भास आणि संशय सगळ्यांना दिसतात. पण इच्छाच आटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं ही लक्षणं जास्त चिवट असतात आणि औषधांना फारशी दाद देत नाहीत. अशा माणसाला समोरासमोर बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणणं अवघड. मध्ये कागद असला की दोघांची नजर त्यावर जाते. ‘तुम्हाला कशाची भीती वाटते’ याऐवजी ‘हे दार उघडं आहे का’ असं विचारता येतं. कलोपचारक याला रुग्ण, चित्र आणि उपचारक असा त्रिकोण म्हणतात.

हे पटण्यासारखं आहे, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. २०१६ मध्ये फिलाडेल्फियात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकाम केलं आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाशी निगडित संप्रेरक उतरलं. बातम्या भरपूर झाल्या. पण ही निरोगी माणसं होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता.

खरी कसोटी ब्रिटनमध्येच लागली. ‘मॅटिस’ नावाच्या चाचणीत स्किझोफ्रेनियाचे ४१७ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर दर आठवड्याला कलोपचार, दुसऱ्याला इतर गट-उपक्रम, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांनंतर रुग्णांच्या एकूण कार्यक्षमतेत किंवा लक्षणांत कलोपचारामुळे फरक पडलेला दिसला नाही.

कलोपचारकांना हा निकाल झोंबला. त्यांचा आक्षेप असा की गटात नाव असणं आणि गटात येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कलोपचाराच्या गटात नाव असलेल्यांपैकी एकदा तरी हजर राहिलेले ६१ टक्केच होते. आक्षेपात तथ्य आहे. पण उलट बाजूही तितकीच खरी: जो उपचार घ्यायला माणसं येतच नाहीत, तो सरसकट सगळ्यांना देऊन काय साधणार? यातून निघणारा व्यवहारी अर्थ बहुधा इतकाच, की ज्याला रंगांची ओढ आहे त्याला जागा द्यावी, नको म्हणणाऱ्याला ओढून नेऊ नये. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेनं २०१४ च्या आवृत्तीतही कलोपचाराचा विचार करावा ही शिफारस कायम ठेवली, विशेषतः त्या चिवट लक्षणांसाठी.