तुमचा बोकड आमच्याकडे देताना: कापणं, सोलणं आणि मटणाची चव

जावळ, जागरण, गावची जत्रा, नाहीतर नुसतेच पाव्हणे येणार म्हणून घरचा बोकड आमच्याकडे घेऊन येणारे बरेच आहेत. नगरपालिकेच्या कत्तलखान्यात तो कापून, सोलून, तुमच्या सांगण्याप्रमाणे तुकडे करून देणं हा आमचा धंदा. नंतर कधीकधी कानावर येतं, की मटण उग्र लागलं, किंवा तीन तास चुलीवर ठेवलं तरी चिवटच राहिलं. घरी याचा दोष मसाल्याला जातो, नाहीतर सुनेला. पण आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या जनावराचं आणि मांसाचं काय झालं, त्यावर निम्मी चव ठरून गेलेली असते. त्यातलं काही आमच्या हातात आहे, काही तुमच्या.

आदल्या संध्याकाळीच का आणायचा

मोटारसायकलवर चारी पाय बांधून आडवा टाकलेला, तासभर उन्हात ओरडत आलेला बोकड लगेच कापला, तर त्याचं मटण गडद आणि चिकट होतं आणि लवकर खराबही होतं. जनावराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. कापल्यानंतर त्याच साठ्यापासून आम्ल तयार होतं आणि मांसाची आम्लता हवी तितकी येते. जनावर घाबरलं, दमलं, धडपडलं की हा साठा आधीच संपून जातो. म्हणून बोकड रात्रभर आमच्या गोठ्यात, सावलीत, बरोबर दुसरं एखादं जनावर ठेवून उभा राहिलेला बरा. एकटी शेळी फार बिथरते.

कापायच्या आधी बारा तास चारा बंद, पाणी मात्र हवं तेवढं. चाऱ्यानं तुडुंब भरलेलं पोट फाडताना सुरीचं टोक लागायची भीती जास्त, आणि आतलं एकदा मटणावर सांडलं की वास जात नाही. पाणी थांबवू नका. पाणी प्यायलेल्या जनावराची कातडी सहज सुटते. बाजारातून जिवंत वजनावर बोकड घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट: विकणारा वजनाआधी पोटभर पाणी पाजतो. सकाळी लवकर, उपाशी जनावराचं वजन करून घ्या.

वयाचंही पाहा. दुधाचे दात असलेला आदत बोकड कोवळा असतो. दोन पक्के दात येऊन दोन दाती झाला की साधारण वर्ष-सव्वा वर्षाचा धरायचा, आणि आमच्या मते रश्श्यासाठी हाच सगळ्यात चांगला, कारण चव भरलेली असते आणि चिवटपणा अजून आलेला नसतो. पैदाशीला वापरलेला थोराड बोकड मात्र आम्ही सरळ नको म्हणतो. त्याच्या शिंगांमागच्या ग्रंथींचा आणि स्वतःच्याच मुताने भिजलेल्या दाढीचा वास मटणापर्यंत यायला वेळ लागत नाही. लहानपणी खच्ची केलेल्यात हा त्रास नसतो. गाभण शेळी, आणि जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे अशी शेळी आम्ही घेत नाही. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या नियमांनी ती बंदीच आहे, आणि नसती तरी घेतली नसती.

सुरी फिरल्यानंतरची वीस मिनिटं

सुरी कुणी फिरवायची, मुलाणीचाचांनी की दुसऱ्या कुणी, ते तुमच्या रीतीप्रमाणे. आमचा आग्रह एवढाच, की रक्त पुरतं निचरू द्यायचं. घाई करून लगेच कातडीला हात घातला तर मांड्यांमध्ये आणि मानेत रक्त साकळतं आणि तेच भाग आधी नासतात. रक्तीसाठी रक्त हवं असेल तर स्वच्छ पातेलं द्या. आम्ही त्यात थोडं मीठ टाकून ढवळत राहतो, म्हणजे गुठळी लवकर धरत नाही.

मग बोकड मागच्या पायांनी आकड्याला टांगला जातो. जमिनीवर सोलायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. सोलताना मुख्य काम मुठीचं असतं, सुरीचं फार थोडं. मागच्या पायांच्या आतल्या बाजूनं, मांडीवरून पोटापर्यंत एक रेघ पाडायची, आणि तीही सुरीची धार बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे केस कापले न जाता बाजूला होतात. मग कातडी एका हातानं ताणायची आणि दुसऱ्या हाताची मूठ कातडी आणि मांस यांच्यामध्ये घालून दाबत खाली न्यायची. कातडी सदरा उतरवावा तशी निघून येते. मांसावरचा पातळ पांढरा पापुद्रा शाबूत राहतो आणि तोच नंतर मटण सुकण्यापासून वाचवतो. कातडीलाही चिरा पडत नाहीत. हलगी आणि डफाला शेळीचं कातडं लागतं, त्यामुळे अखंड कातड्याला आजही गिऱ्हाईक आहे.

उग्र वासाचं मोठं कारण इथेच असतं. ज्या हातानं केस धरले त्याच हातानं मांस धरलं की वास गेलाच मटणात. आमच्याकडे सोलणाऱ्याचा एक हात कातडीचा आणि एक मांसाचा असा ठरलेला असतो, आणि सोलून झाल्यावर सुरी गरम पाण्यातून काढल्याशिवाय पोटाला लावत नाहीत. काही ठिकाणी कातडी सुटावी म्हणून पायाला भोक पाडून तोंडानं हवा फुंकतात. आम्ही ते करत नाही. फुंकणाऱ्याच्या तोंडातलं सगळं मांसात जातं.

पोट काढण्याच्या आधी अन्ननलिका गळ्यापाशी आणि आतड्याचं टोक शेपटीखाली दोऱ्यानं बांधून घेतो. पोट फाडताना सुरी दोन बोटांच्या मधून, धार बाहेरच्या बाजूला ठेवून चालते. बोटं आतल्या पिशव्या मागे दाबून धरतात. मूत्राशय चिमटीत धरून अलगद काढायचं. कलेजीवरची पित्ताची हिरवी पिशवी कलेजीचा छोटा तुकडा बरोबर घेऊनच कापतो. तेवढं नुकसान परवडतं. पित्त सांडलंच, तर लागलेला भाग कापून टाकायचा.

इथे एका गोष्टीवरून गिऱ्हाइकांशी आमचा कायम वाद होतो. बहुतेकजण म्हणतात, "बादलीभर पाणी मारा, स्वच्छ करून द्या." अख्ख्या बोकडावर पाणी ओतलं की एका ठिकाणची घाण सगळीकडे पसरते, आणि ओल्या मांसावर जंतू झपाट्यानं वाढतात. डाग असेल तिथे आम्ही चाकूनं पातळ काप काढून टाकतो. बाकी कोरडं ठेवतो. धुणं घरी, शिजवायच्या आधी.

कलेजी आणि फुफ्फुस आम्ही तुमच्यासमोर उलटूनपालटून पाहतो. पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो भाग तुम्हाला देणार नाही, आणि दारातल्या कुत्र्यालाही घालणार नाही. त्या गाठींत एका पट्टकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात मोठी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि पुन्हा शेळीला, कधी माणसालाही, लागण होते. मांडीत आणि खांद्यात चरबीच्या आत करड्या रंगाच्या छोट्या गाठी असतात, त्या रोगाच्या नाहीत. पण चवीला त्या बऱ्या नसतात, म्हणून तुकडे करताना काढून टाकतो.

ताजं मटण आणि चिवट मटण

"आत्ता कापलेलं, अजून गरम आहे" याला आपल्याकडे मोठा मान. त्यात अर्धं तथ्य आहे. कापल्यावर घाईघाईनं, स्नायू आखडायच्या आधीच शिजवलं तर मटण मऊ लागतं. पण काही तासांत मांस ताठ होतं आणि नेमकं त्याच वेळी ते आपल्या पातेल्यात पडतं. जत्रेत सकाळी कापलेला बोकड दुपारी शिजत नाही, तो यामुळे.

याहून वाईट म्हणजे गरम मटण थेट फ्रीझरमध्ये टाकणं. मांस ताठ होण्याची क्रिया पुरी व्हायच्या आत ते दहा अंशांच्या खाली गेलं तर स्नायू आकसून बसतात, आणि मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. बोकडाला वर चरबी कमी, अंगही लहान, त्यामुळे तो पटकन गार होतो आणि या फेऱ्यात लवकर सापडतो. म्हणून आमच्याकडे अख्खा बोकड आधी बारा ते पंधरा अंशांच्या खोलीत काही तास लटकत राहतो आणि नंतर दोन ते चार अंशांच्या शीतखोलीत जातो. एक रात्र दिली तर फरक कळतो, दोन दिल्या तर चुलीवरचं लाकूडही कमी लागतं. अमेरिकेत हिवाळ्यात परवाना काढून हरणाची शिकार करणारेही हेच सांगतात: पोट लवकर काढा, केस मांसाला लागू देऊ नका, आणि टांगून ठेवल्यावर खायची घाई करू नका.

हरणाचं निघालं म्हणून सांगतो. कधी कुणी हळूच विचारतं, "सांबर, चितळ आणलं तर सोलून द्याल का?" नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार तर बंद आहेच, मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. विचारणाऱ्यानं आमच्या दुकानात पुन्हा येऊ नये.

वजन कुठे गेलं?

पंचवीस किलोचा बोकड दिला आणि मटण बाराच किलो मिळालं, की संशयाची नजर आमच्याकडे वळते. हिशोब अदमासे असा: मुंडी पावणेदोन किलो, चार पाय पाऊण किलो, कातडं दोन किलो, रक्त एक किलो, कलेजी-दिल-फुफ्फुस-तिल्ली सव्वा किलो, आणि पोट-आतडी आतल्या मालासकट सहा किलो. उरतं ते मटण, हाडासकट, जिवंत वजनाच्या पंचेचाळीस ते पन्नास टक्के. पोट भरून आणलेल्या बोकडाचा आकडा आणखी खाली येतो. काटा तुमच्यासमोर असतो आणि प्रत्येक भाग वेगळा तोलून दाखवतो. मुंडी आणि पाय भाजून, खरवडून देतो. वजडी, म्हणजे पोट-आतडी, हवी असेल तर आधी सांगा, ती साफ करायला वेळ जातो.

तुकड्यांचंही आधीच सांगितलेलं बरं. पांढऱ्या रश्श्याच्या अळणीसाठी, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यासाठी, गर्दन, सीना आणि नळी. सुक्याला मांडी आणि खांदा. चापा तव्यावर. खिमा करायचा तर मागच्या मांडीचा. सगळं एकत्र मिसळून "बारीक तुकडे करा" म्हणालात तर सत्तूर जास्त वेळा हाडावर पडतो आणि रश्श्यात हाडाची कुसं येतात. लहान मुलं जेवणार असतील तर नळ्यांचे तुकडे मोठे ठेवायला सांगा.

न्यायला स्टीलचा डबा आणा, झाकण सैल ठेवा. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, शिवाय पिशवीत बांधलेलं कोमट मटण घुसमटून आंबूस वास धरतं. घरी परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत संपणार नसेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोचे पुडे करून फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर ओट्यावर नको, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा.

गटारीच्या आठवड्यात शीतखोलीत जागा कमी पडते, त्यामुळे तेव्हा एकच रात्र ठेवता येईल. त्या रविवारसाठीचे बोकड शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आमच्या गोठ्यात पोचले पाहिजेत. शनिवारी कापून रविवारी सकाळी सातपासून मटण मिळेल. रविवारी सकाळी आणलेला बोकड त्या दिवशी घेत नाही.