वणव्यांचे उपग्रहीय निरीक्षण

वणव्यातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण उपग्रहावरील संवेदकांनी टिपून आगीची जागा, तीव्रता आणि फैलाव ठरवण्याची पद्धत. दुर्गम जंगलात आग लागल्याची पहिली खबर पुष्कळदा याच मार्गाने मिळते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण सोडते. जमिनीचे तापमान साधारण ३०० केल्विन असते आणि तिचे प्रारण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. ज्वालांचे तापमान १,००० केल्विनपर्यंत गेले की हे शिखर ३ मायक्रॉनजवळ सरकते. मात्र पद्धतीचे खरे बळ दोन तरंगलांबींच्या तुलनेत आहे. १,००० केल्विनची ज्वाला ४ मायक्रॉनला जमिनीच्या सुमारे साडेचार हजारपट तेजस्वी असते, ११ मायक्रॉनला जेमतेम तीसपट. त्यामुळे १ किलोमीटर बाजूच्या पिक्सेलचा (उपग्रहीय चित्रातील सर्वांत लहान चौकोनाचा) फक्त हजारावा भाग, म्हणजे सुमारे १० गुंठे जागा पेटलेली असली तरी ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात तो पिक्सेल पाचपटीहून अधिक उजळतो आणि ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात फरक जेमतेम तीन टक्के पडतो. पिक्सेलपेक्षा कितीतरी लहान आग दिसते ती यामुळेच. या दोन पट्ट्यांवरून पिक्सेलमधील आगीचे तापमान आणि तिने व्यापलेला हिस्सा काढण्याची रीत संशोधक जेफ डोझियर यांनी १९८१ मध्ये मांडली.

त्या काळचा एव्हीएचआरआर हा संवेदक हवामान निरीक्षणासाठी बनवलेला होता. त्याचा ३.७ मायक्रॉनचा पट्टा ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच संपृक्त होई, म्हणजे त्यापुढचे तापमान त्याला मोजता येत नसे, म्हणून भर उन्हात तापलेली उघडी जमीन आणि आग यांत फरक करणे अवघड जाई. टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस संवेदकात आगीसाठी अधिक तापमान मोजणारा स्वतंत्र पट्टा ठेवण्यात आला. २०११ पासून कार्यरत असलेल्या व्हीआयआयआरएस या संवेदकाचे पिक्सेल ३७५ मीटरचे असल्याने लहान आगीही सापडू लागल्या.

केवळ ठरावीक तापमान ओलांडले म्हणून पिक्सेलला आग ठरवत नाहीत. त्याची तुलना भोवतालच्या पिक्सेलांशी केली जाते आणि ढग, पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन यांची चाळणी लावली जाते. एवढे करूनही ज्वालामुखी, तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू आणि कारखान्यांच्या भट्ट्या आग म्हणून नोंदल्या जातात. नासाची फर्म्स ही सेवा उपग्रह वरून गेल्यापासून साधारण तीन तासांत जगभरातील अशा नोंदी विनामूल्य देते. संशोधक, वनकर्मचारी आणि सामान्य नागरिक यांना एकाच वेळी एकच माहिती मिळावी, ही या क्षेत्रातील फार मोलाची गोष्ट आहे.

नकाशावर अशी प्रत्येक नोंद ठिपक्याने दाखवतात. हा ठिपका वाचताना मात्र सावध राहावे लागते. तो पिक्सेलचा मध्य दाखवतो, आग त्या पिक्सेलमध्ये कुठेही असू शकते. एका मोठ्या वणव्याचे शेकडो ठिपके पडतात, तर एकाच ठिपक्यात दोन-तीन लहान आगी सामावू शकतात. शिवाय उपग्रहांची संख्या वाढली की ठिपकेही वाढतात, तेव्हा निव्वळ ठिपके मोजून वणवे वाढल्याचा निष्कर्ष काढणे चूक ठरते. ठिपका नसला म्हणजे आग नाही, असेही नव्हे. दाट ढग आणि घनदाट वृक्षछत्र आग झाकतात. दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जाणाऱ्या उपग्रहाला संध्याकाळी पेटून रात्रीपर्यंत विझलेले गवत दिसतच नाही. ही उणीव गोज, हिमावारी यांसारखे भूस्थिर (पृथ्वीच्या एकाच भागावर सतत नजर ठेवणारे) उपग्रह दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर निरीक्षण करून काही अंशी भरून काढतात, पण त्यांचे अवरक्त पिक्सेल २ किलोमीटर किंवा त्याहून मोठे असतात.

तीव्रतेसाठी आगीची प्रारण-शक्ती मेगावॉटमध्ये मोजतात. ही राशी जळणाच्या वेगाशी निगडित आहे: प्रयोगांनुसार १ मेगाज्यूल प्रारणामागे सुमारे ०.३७ किलोग्रॅम वनस्पती जळते, आणि त्यावरून धूर व कार्बनचे उत्सर्जन अंदाजता येते. जळालेले क्षेत्र मोजण्याचे काम वेगळे आहे. त्यासाठी लँडसॅट, सेंटिनेल-२ या उपग्रहांची आगीपूर्वीची आणि नंतरची लघुतरंग अवरक्त चित्रे ताडून पाहतात. जमिनीखाली धुमसणारे पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) या साऱ्यांत सर्वांत कठीण: त्याची आच मंद असते, वर ज्वाला दिसत नाही, आणि तरीही ते आठवडेच्या आठवडे जळत राहते.