हूटन पार्कची प्रेक्षकगॅलरी

8 जुलै 1940 रोजी इंग्लंडमधल्या चेशर परगण्यात, हूटन पार्क विमानतळावर आग लागली आणि तिथली प्रेक्षकगॅलरी जळून खाक झाली. विमानतळावर प्रेक्षकगॅलरी कशाला? तर पहिल्या महायुद्धाआधी तिथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. युद्धात लष्कराने जागा घेतली आणि 1917 मध्ये तिथे विमानतळ झाला. घोडे गेले, विमाने आली, गॅलरी तेवढी राहिली. 1940 मध्ये तिथे खासगी मालकांची छोटी विमाने दाटीवाटीने ठेवली होती. ती गॅलरीबरोबरच संपली.

ब्रिटनवरच्या हवाई लढाईची सुरुवात 10 जुलैपासून मोजतात, म्हणजे आगीनंतर दोनच दिवसांनी. हौशी लोकांच्या जुन्या विमानांसाठी हळहळायला तेव्हा सवड कोणाला होती?

ही विमाने तिथे आली कशी, ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमधले खासगी उड्डाण बंद झाले. त्यानंतर हवाई दलाने कामाची विमाने ताब्यात घेतली. टायगर मॉथसारखी दोन आसनांची विमाने शिकवायला उपयोगी होती, मोठी विमाने अधिकाऱ्यांची ने-आण करायला. पण एकच आसन असलेले, शर्यतीसाठी बांधलेले किंवा जगात एकुलते एक असलेले विमान सैन्याच्या काय कामाचे? त्याचे सुटे भाग कुठून आणायचे? ते राहिले कोपऱ्यात. म्हणजे जे दुर्मीळ, तेच अडगळीत गेले.

अशा विमानाचा नमुना म्हणून कॉम्पर स्विफ्ट घेऊ. ते याच हूटन पार्कवर जन्मले. हवाई दलातून बाहेर पडलेल्या निकोलस कॉम्पर यांनी ते रचले आणि 1930 मध्ये ते पहिल्यांदा उडाले. पंखांची लांबी साडेसात मीटरच्याही आत. रिकामे वजन सुमारे 245 किलो, म्हणजे आपल्या बुलेटपेक्षा जेमतेम पन्नास किलो जास्त! नाकावर सात सिलिंडरचे, 75 अश्वशक्तीचे पॉबजॉय इंजिन. एवढ्या भांडवलावर ते ताशी सव्वादोनशे किलोमीटर धावे. 1931 मध्ये आर्थर बटलर यांनी स्विफ्टमधून इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर साधारण नऊ दिवसांत कापले. सगळी मिळून अशी पंचेचाळीसच्या आसपास विमाने बनली.

स्विफ्टचे पंख मागे दुमडता येत. मालकाला ही सोय मोठी, कारण विमान छोट्याशा शेडमध्ये मावते. पण त्याच सोयीमुळे साठवणीत एकाला एक चिकटून कितीतरी विमाने ठेवता येतात, आणि मग एक पेटले की शेजारचे पेटायला वेळ लागत नाही.

पेटायला सामानही तसेच. सांगाडा स्प्रूसच्या लाकडाचा आणि प्लायवूडचा, वर ताणलेले कापड. नुसते कापड हवेत फडफडते, त्यातून हवा झिरपते. म्हणून त्यावर 'डोप' नावाच्या लेपाचे हात देत. लेप वाळताना आकसतो, कापडाला ओढून धरतो. टिचकी मारली तर डफासारखा आवाज यावा इतके ते ताठ होते. त्या काळी बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा डोप सेल्युलोज नायट्रेटचा असे. हे रसायन बंदुकीत वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनचे सख्खे भावंड. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन बांधलेला असतो, त्यामुळे एकदा पेटले की बाहेरच्या हवेची फारशी गरज उरत नाही. पुढे कमी पेट घेणारे लेप आले.

आग लागली नाही म्हणून विमान वाचले, असेही नाही. लाकडाचे सांधे बहुधा केसीनच्या सरसाने जोडलेले असत. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. ओल लागली की त्यावर बुरशी धरते, सरस मऊ पडतो, सांधा आतून सुटतो. वरून रंग झकास दिसतो! इंग्लंडच्या दमट हवेत पाच-सहा वर्षे बंद शेडमध्ये पडून राहिलेल्या विमानावर बसायला मी तरी धजलो नसतो.

एका स्विफ्टचे नशीब मात्र बलवत्तर. आसामातल्या सिलचरचे चहामळेवाले अल्बन अली यांच्या लाल स्विफ्टचे नाव होते 'स्कार्लेट एंजल', नोंदणी व्हीटी-एडीओ. 'व्हीटी' ही भारताची अक्षरे आजही आपल्या प्रत्येक नागरी विमानावर दिसतात. 1933 मध्ये दिल्लीच्या व्हाइसरॉय चषक शर्यतीत ते उतरले. त्याच शर्यतीसाठी रिचर्ड शटलवर्थ हा तरुणही इंग्लंडहून आपले स्विफ्ट घेऊन आला होता. हूटनच्या आगीनंतर महिनाही उलटला नव्हता, तोच 2 ऑगस्ट 1940 रोजी हवाई दलात प्रशिक्षण घेताना तो विमान अपघातात गेला. त्याच्या नावाच्या संग्रहात, बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला, आज अलींचे ते लाल विमान आहे. आता त्याची नोंदणी ब्रिटिश आहे, जी-एसीटीएफ.