‘तेरा नंबरचा बोल्ट द्या’ म्हणण्याआधी: जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या कुडाळच्या दुकानात एकच मागणी सारखी कानावर येते. “तेरा नंबरचा बोल्ट द्या, दोन इंची.” मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना मांगरात वर्षभर झाकून ठेवलेली गाडी दोन दिवसांत रस्त्यावर आणायची असते. घाई आम्हाला कळते. पण तेरा हा पान्याचा नंबर आहे, बोल्टचा नाही, आणि या एका गोष्टीपायी तुमची वेंगुर्ला-कुडाळ किंवा देवगड-कुडाळ अशी फेरी फुकट जाते. म्हणून हे पत्रक.

पाना बसतो तो बोल्टच्या डोक्याला. बोल्टचा नंबर ठरतो आटे पाडलेल्या दांड्याच्या जाडीवरून. ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं बहुधा १३ चं असतं, पण मारुती ८०० सारख्या जपानी वळणाच्या गाडीत त्याच ८ च्या बोल्टला १२ चा पाना लागतो. १० मिमीच्या बोल्टचं डोकं जुन्या पद्धतीत १७, नव्यात १६ आणि जपानी गाडीत १४. म्हणजे तुम्ही ‘चौदा नंबर’ म्हणालात तर आम्ही १० चा काढायचा की आणखी काही? गाडी कुठली ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी गाडीचा असतो. कृपया त्याचा राग मानू नका.

गाडी कळली की निम्मं काम होतं. प्रीमियर पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११००, त्यामुळे ती पहिल्यापासून मिलिमीटरची. अॅम्बेसेडर ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणून जुन्या अॅम्बेसेडरचे बोल्ट इंची. स्टँडर्ड हेरल्ड आणि जुनी महिंद्रा जीपही इंचीच. खरी फसगत इसुझू इंजिनाच्या अॅम्बेसेडरमध्ये होते. तिचं इंजिन मिमीचं, पण बाकी अंगात इंची बोल्ट सापडतात. त्या गाडीचा बोल्ट मागताना तो इंजिनाचा की बॉडीचा, हेही सांगा.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं ती सांगतो. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा. व्हर्नियर (जाडी मोजायची सरकपट्टी) लावलात तर तो आणि ८ मिमीचा बोल्ट दोन्ही ७.८-७.९ च्या आसपास दाखवतात, कारण तयार बोल्ट नावापेक्षा किंचित बारीकच असतो. इंची बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना थोडा सैल, पण बसतो. झालं, माणूस ‘तेरा नंबर’ म्हणून ८ चा बोल्ट घेऊन जातो. तो एक-दोन आटे आत जातो आणि अडतो. गंज असेल असं समजून पान्याला पाइप लावून ओढला की आतले आटेच कापले जातात.

काही वर्षांपूर्वी मालवणच्या एका ग्राहकाला आम्ही फोनवर ऐकून असाच ८ चा बोल्ट एसटीच्या पार्सलने पाठवला. गाडी अॅम्बेसेडर आहे हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. डायनामोच्या ब्रॅकेटचे आटे गेले, नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून आत हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागली, आणि चाळीस रुपयांच्या कामाला आठ दिवस लागले. तेव्हापासून जुन्या गाडीचा बोल्ट नमुना पाहिल्याशिवाय आम्ही फोनवर देत नाही. काही जणांना हा आडमुठेपणा वाटतो. त्या आठ दिवसांनंतर आम्हाला तसं वाटत नाही.

फरक ओळखायचा तो आट्यांमधल्या अंतरावरून, म्हणजे पिचवरून. पिच गेज, म्हणजे हे अंतर मोजायच्या दातेरी पट्ट्या, नसेल तर साधी स्टीलची पट्टी घ्या आणि दहा आट्यांची लांबी मोजा. ८ मिमीच्या साध्या बोल्टवर ती १२.५ मिमी भरते, इंची बारीक आट्यावर जेमतेम १०.६. इतका फरक डोळ्यालाही दिसतो. १० मिमीच्या बोल्टचा जाड आटा १.५ मिमी पिचचा, तिथे दहा आट्यांना १५ मिमी. पण पद्मिनी आणि मारुती दोन्हींत १० चा बोल्ट बरेचदा १.२५ च्या बारीक आट्याचा असतो. साध्या हार्डवेअरच्या दुकानात १० चा बोल्ट मागितला की १.५ चा हातात पडतो आणि नट अर्ध्यात अडकतो, त्याचं कारण हेच.

घरच्या घरी करण्यासारखी एक युक्ती आहे. १४ मिमीच्या स्पार्क प्लगचे आटे १.२५ चे असतात. जुना प्लग आणि तुमचा बोल्ट आट्यात आटा घालून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला नाही तर बोल्ट १.२५ चा. दिसला तर दुसरा काहीतरी.

खाऱ्या हवेत वरचे आटे खाल्लेले असतात, त्यामुळे मापही खोटं येतं. नटाच्या आत दडलेला भाग मोजा, तो बहुधा शाबूत असतो. आणि बोल्ट ग्राइंडरवर साफ करून आणू नका. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून तारेच्या ब्रशने घासलात तरी पुरे. तुटला असेल तर दोन्ही तुकडे आणा, नट असेल तर नटही. लांबी डोक्याखालून मोजतात. फक्त चपट्या, आत बसणाऱ्या डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्यासकट धरतात.

“आमच्याकडे सगळं गंजतं, स्टीलचाच द्या,” असं किनाऱ्याकडचे बहुतेक ग्राहक म्हणतात. नंबरप्लेट, बंपरची पट्टी, आरशाचा क्लॅम्प, इथे स्टेनलेस खुशाल लावा, आम्ही स्वतः सुचवतो. पण सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेकला तो लावायला आम्ही नकार देतो. नेहमीच्या दर्जाचा (ए२-७०) स्टेनलेस ४५० मेगापास्कल (ताणाचं माप) ला ताणून लांब व्हायला लागतो, ८.८ ग्रेडचा, म्हणजे त्या ताकदीच्या दर्जाचा, साधा बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं ते बघा. इंची बोल्टवर आकडे नसतात, रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ८.८ च्या जवळपास, सहा म्हणजे १०.९ च्या जवळपास. डोकं कोरं असेल तर तो शेडच्या, ग्रिलच्या कामाचा समजा. किलोवर मिळणारा स्वस्त बोल्ट बहुधा तोच असतो. आम्ही नगावर विकतो, भाव जास्त वाटतो, पण प्रत्येक नगावर ग्रेड असते आणि बिलावर ती लिहून मिळते.

गंजाला खरा उपाय म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला ८.८ बोल्ट, आणि घट्ट केल्यावर बाहेर राहिलेल्या आट्यांवर ग्रीसचा हात. घट्ट करण्याआधी आट्यांना ग्रीस लावू नका, निदान इंजिनाच्या हेडच्या बोल्टना तरी मॅन्युअल सांगत नसेल तर नाहीच. वंगण लागलं की टॉर्क (पान्याने लावलेला पीळ) तोच राहतो, पण बोल्ट जास्त ताणला जातो.

एकदा आवळलेला बोल्ट आम्ही परत घेत नाही. आट्यांच्या कडा दबतात आणि पुढच्या माणसाच्या गाडीत तो त्रास देतो. न वापरलेला पिशवीसकट केव्हाही बदलून मिळेल.

१० मिमी, १.२५ आट्याचे बोल्ट २० ते १०० मिमी लांबीपर्यंत आमच्याकडे कायम असतात. अडीच सूत आणि तीन सूत इंची बारीक आट्याचेही ठेवतो. नसेल ते मुंबईहून नागदेवी स्ट्रीटवरून मागवून देतो, त्याला साधारण आठवडा धरा. गणपतीचं काम असेल तर श्रावण लागताच नमुना आणून द्या. जुन्या भोकाचे आटे टॅपने साफ करायचं कामही करतो, पार्ट सोडवून आणावा लागेल.

दुकानाबाहेरच्या पडवीत लोखंडी पाटीवर बावीस नट वेल्ड करून लावले आहेत, प्रत्येकाखाली माप रंगवलेलं. शनिवारी त्यांना तेल देतो. दुकान बंद असलं तरी बोल्ट हाताने फिरवून बघा. जो नट शेवटपर्यंत बोटांनीच चढेल त्याखालचं माप लिहून घ्या आणि नमुन्यासोबत ते आम्हाला सांगा.