सेन्सर गेला, की सेन्सर खरं सांगतोय?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की लातूर असो वा जालना, गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ऑक्सिजन सेन्सर गेला भाऊ, बदलून टाका." त्यावर गाडीमालकाचा प्रश्नही ठरलेला असतो. व्हिडिओ बघून हे काम घरी जमेल, की गॅरेजवाल्यालाच पैसे द्यावेत? माझ्या मते या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा : सेन्सर खरंच गेला आहे का?

हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाजवळ, स्पार्क प्लगसारखा आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा तुकडा असतो आणि त्यावर दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर. थंड असताना हे सिरॅमिक वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की त्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सरकू लागतात. एका बाजूला इंजिनाचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका व्होल्टेज. तापलेल्या झिर्कोनियातून वीज वाहते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस दिव्यासाठी वापरलं होतं. १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं. गाडीत मात्र हे सिरॅमिक पोहोचायला १९७६ साल उजाडलं. बॉशने बनवलेला सेन्सर तेव्हा व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसला.

धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल, तर साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.९ च्या आसपास जातो. ऑक्सिजन उरत असेल तर ०.१ पर्यंत उतरतो. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि नेमक्या या प्रमाणापाशी व्होल्टेज एकदम उडी मारतो. इंजिनाचा कॉम्प्युटर ती उडी बघून पेट्रोल जरा कमी करतो, जरा वाढवतो, पुन्हा कमी करतो. गाडी चालू आहे तोवर हे सतत सुरू असतं. एवढा खटाटोप कशासाठी, तर पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यासाठी. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही त्याला एकदम निपटायचे असतात, आणि ते याच प्रमाणाच्या आसपास जमतं. कन्व्हर्टरच्या पलीकडे बहुधा दुसरा सेन्सर असतो. त्याचं मुख्य काम कन्व्हर्टर नीट चालतोय का, हे बघणं.

आता घोटाळा कुठे होतो ते बघा. एखादा प्लग ठिणगी टाकत नसेल, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, म्हणून तो सांगतो, "पेट्रोल कमी पडतंय." कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो, गाडीचं ॲव्हरेज घसरतं. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या मॅनिफोल्डची गॅस्केट (सांध्यातली पट्टी) फुटली असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि निरोप तोच येतो. सेन्सर अगदी बरोबर असतो आणि आपण त्यालाच काढून टाकतो. नवा बसवला की दिवा काही दिवस जातो, कारण कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसलेला असतो. मग परत लागतो.

दुसरं कारण आपल्याकडे फार दिसतं : उंदीर. कापूस, सोयाबीन, ज्वारी साठवलेल्या घराशेजारी गाडी उभी असली, की वायरी कुरतडल्या जातात. सेन्सरला बहुतेक गाड्यांत चार वायरी असतात. त्यांतल्या दोन आतल्या हीटरच्या. थंड इंजिन सुरू केलं की सिरॅमिक झटपट तापावं म्हणून हा हीटर. त्याची एक वायर तुटली तरी दिवा लागतो.

तिसरी गोष्ट, ज्यांची गाडी थोडी जुनी आहे त्यांच्यासाठी. आपल्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये असतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन आहे. १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच हवा लागते. त्यामुळे त्याच हवेसाठी इंधन काही टक्के जास्त सोडावं लागतं, आणि ते कॉम्प्युटरला सांगतो तो हाच सेन्सर. कॉम्प्युटरचे आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती वाढवतो-घटवतो तो आकडा, थोडी अधिकच्या बाजूला दिसली, तर लगेच सेन्सरवर खापर फोडू नका.

म्हणून स्वतः करायचंच असेल, तर आधी तपासणी स्वतः करा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर फार महाग नाही, आणि मोबाइलवर सगळे आकडे दिसतात. कोड पी ०१३५ असेल तर तो पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटचा. फ्यूज बघा, कपलर (वायरींचा जोड) सोडवून मल्टिमीटरने हीटरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. काही ओहम आला तर हीटर शाबूत आहे, वायरिंग शोधा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटला. तेव्हा सेन्सर बदलणं योग्य. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. हा कोड सेन्सरचा नाही, त्याच्या निरोपाचा आहे. पी ०४२० कन्व्हर्टरबद्दल बोलतो. त्यावर मागचा सेन्सर बदलून बहुतेकदा पैसे वाया जातात. साध्या सेन्सरची आणखी एक चाचणी : इंजिन गरम करून रेस द्या आणि झटकन सोडा. रेस देताना व्होल्टेज वर आणि सोडल्यावर शून्याजवळ गेला, तर सेन्सर जिवंत आहे. अनेक नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या, वाइडबँड जातीचा असतो. त्याला हे आकडे लागू होत नाहीत.

खोलण्याचं काम त्यामानाने थोडं आहे. २२ मिलिमीटरचं, वायरीसाठी फट ठेवलेलं सॉकेट लागतं. इंजिन कोमट असताना, आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थोडा वेळ थांबून, हळूहळू पुढे-मागे करत सोडवायचं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखा गंज चढत नाही. तरी वर्षानुवर्षं तापून-निवून आटे घट्ट धरतात. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका, स्टँड लावा. नव्या सेन्सरच्या टोकाला ग्रीस, तेल, सिलिकॉन लागू देऊ नका. स्वस्तातला बिनकपलरचा सेन्सर घेऊन वायरी जोडणार असाल, तर त्या डाग देऊन (सोल्डर करून) जोडू नका. बऱ्याच सेन्सरला तुलनेसाठीची बाहेरची हवा वायरींच्या आतूनच मिळते. डागाने ती वाट बुजते.

परदेशी व्हिडिओंमध्ये "मजुरी वाचवा" असं सांगतात, कारण तिकडे मजुरी महाग. मराठवाड्यात गणित उलटं आहे. सेन्सर काही हजारांचा, मजुरी त्यापुढे थोडी. आपले पैसे जातात ते न बिघडलेला पार्ट बदलण्यात. म्हणून तपासणी घरी करावी, आणि सेन्सर मॅनिफोल्डमध्ये खोल, घट्ट बसलेला असेल तर पाना मिस्त्रीच्या हाती द्यावा. आटे गेले तर त्याच्याकडे आटे पाडायचा टॅप असतो, शेजारी लेथवाला असतो. फक्त जाताना कोड आणि मीटरचे आकडे कागदावर लिहून न्या, आणि जुना सेन्सर परत मागून घ्या.