मध्यम किमतीची सायकल घेताना आधी चाक उचलून फिरवा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

दुकानात आल्यावर बहुतेक जण आधी विचारतात, "गिअर किती आहेत?" आणि मग, "डिस्क आहे का?" 21 गिअर आणि दोन्ही चाकांना डिस्क असलेली सायकल दोन वर्षांत खिळखिळी होऊन वर्कशॉपमध्ये आलेली आम्ही नेहमी बघतो. 12 ते 25 हजारांच्या सायकलीत कंपनीला कुठेतरी पैसा वाचवावाच लागतो, आणि गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथेच तो वाचवला जातो. म्हणजे चाकात, हबमध्ये (चाकाच्या मधला, तारा जिथे जोडतात तो भाग) आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (दोन पायडलांच्या मधला, फ्रेममध्ये फिरणारा भाग). सायकल आमच्याकडून घ्या किंवा बर्डीवरून, महालातून, कुठूनही घ्या. पण पैसे मोजण्याआधी या जागा बघून घ्या.

चाकापासून सुरुवात करा

सायकलचं मागचं चाक उचला आणि हाताने फिरवा. नजर रिम आणि ब्रेक पॅडच्या फटीवर ठेवा. डिस्कची सायकल असेल तर फ्रेमवर बोट टेकवून ते रिमजवळ आणा. फट कमी-जास्त होत असेल तर चाकाला आउट आहे, म्हणजे ते डोलत फिरतंय. नव्या सायकलचा थोडा आउट पाच मिनिटांत काढता येतो, त्यासाठी सायकल नाकारायची गरज नाही. पण तारा तपासा. दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबत चला. मागच्या चाकात उजवीकडच्या तारा डावीपेक्षा जास्त ताणलेल्या असतात, ते बरोबरच आहे. मात्र एकाच बाजूला एक तार कडक आणि शेजारची लुळी लागली, तर चाक घाईत बांधलेलं आहे. अशा चाकाच्या तारा पुढे एकेक करून तुटतात, आणि बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, हबजवळच्या वाकात.

रिम डबल वॉल (आतून दुहेरी भिंतीची) आहे का, हे विचाराच. सिंगल वॉल रिम एका मोठ्या खड्ड्यात दबते. आपल्या सिमेंट रस्त्यांवर खड्डे कमी झाले असले तरी दोन स्लॅबमधला जोड आणि रस्त्याच्या कडेची उंच धार रिमला तेवढाच दणका देतात. तारा स्टेनलेस असाव्यात. कॅरिअरवर सामान नेणार असाल किंवा वजन 90 किलोच्या पुढे असेल, तर 36 तारांचं चाक मागा.

आता रिम वरून धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर कोन (हबमधले छर्रे जागेवर धरणारे नट) ढिले आहेत. मग सीटखालच्या पाइपवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवा. आत वाळू भरल्यासारखी करकर हाताला लागली, तर कोन गरजेपेक्षा जास्त आवळलेत किंवा ग्रीस नाही. तशीच चालवली तर छर्रे आणि कप झिजतात आणि अख्खं हब बदलावं लागतं. म्हणून डिलिव्हरीआधी समोर उभं राहून कोन सेट करून घ्या. तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच करू नका.

हबमध्ये आणखी एक फरक आहे आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने आम्ही तो सर्वांत मोठा मानतो. मागे 7 गिअर असलेल्या बऱ्याच स्वस्त सायकलींत फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच) हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. त्यामुळे उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि एक्सलचा (हबमधून जाणाऱ्या दांड्याचा) तेवढा तुकडा आधाराशिवाय भार झेलतो. हिंगणा एमआयडीसीत ड्युटीला जाणाऱ्यांच्या, मागे बॅग-डबा बांधलेल्या सायकलींचे वाकलेले एक्सल आम्ही काढतो, ते बहुधा याच प्रकारचे. कॅसेट हबमध्ये (यात दातेरी चक्रं हबच्या खाचांवर सरकवून बसवतात) उजवे छर्रे फ्रेमच्या जवळ असल्याने एक्सल सहज वाकत नाही. दोन सायकलींत हजार-दीड हजाराचा फरक असेल आणि महागात कॅसेट हब असेल, तर ते पैसे नक्की घाला.

पायडल मारताना येणारा आवाज

क्रँकचे दोन्ही हात (ज्या दांड्यांना पायडल बसतात ते) धरून आडवे हलवा. जरा जरी हलले तर बॉटम ब्रॅकेट ढिला आहे. सीलबंद कार्ट्रिज असेल तर उत्तम, कारण पावसाचं पाणी आत लवकर जात नाही आणि बिघडल्यास अख्खं कार्ट्रिज बदलता येतं. उघड्या छर्ऱ्यांचा बॉटम ब्रॅकेट वाईट नसतो, पण त्याला दर पावसाळ्यानंतर ग्रीस द्यावंच लागतं.

नवी सायकल पहिले 100-150 किलोमीटर चालली की क्रँकचा बोल्ट पुन्हा आवळून घ्या. पायडलसोबत टक-टक असा आवाज येऊ लागला तर त्याच दिवशी सायकल आणा. ढिला क्रँक चालवत राहिलात की त्याचं चौकोनी भोक मोठं होतं आणि मग कितीही आवळा, तो बसत नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घरी पायडल बसवताना आधी हाताने फिरवा, मगच पाना लावा.

डिस्क, शॉकर आणि फ्रेम

15 हजारांच्या आतल्या सायकलीत नाव नसलेल्या केबल डिस्कपेक्षा चांगला व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रिमवर पॅड दाबणारा) आम्ही सुचवू. पावसात डिस्क सरस, हे खरंच. पण स्वस्त डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, रोटर (डिस्कची चकती) थोडा वाकला की घासतो आणि सारखं सेटिंग मागतो. शॉकरचंही तसंच आहे. या किमतीतला स्प्रिंगचा शॉकर वजन वाढवतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंजून घट्ट होतो. वर्धा रोड किंवा रिंग रोडवर रोज चालवणाऱ्याला साधा चिमटा (शॉकर नसलेला पुढचा फोर्क) आणि जरा जाड टायर पुरतात. गोरेवाड्याच्या कच्च्या वाटांची हौस असेल तर वेगळं बोलू.

फ्रेमबद्दल फार चिंता करू नका. नावाजलेल्या कंपनीची स्टील किंवा 6061 अॅल्युमिनियमची फ्रेम सहसा दगा देत नाही. आयएसओ 4210 या आंतरराष्ट्रीय मानकात फ्रेमला एक लाख वेळा पायडलचा जोर देऊन बघतात. कंपनीने तशी चाचणी केली आहे का, हे विचारा. स्टील वेल्डिंगने दुरुस्त होतं, अॅल्युमिनियम तडकलं की फ्रेम बदलणंच शहाणपणाचं. हँडलखालच्या जोडावर रंगात केसासारखी रेघ दिसली तर चालवणं थांबवा.

गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजवीकडे पडली की आधी तीच वाकते. प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि मॉडेल बंद झाल्यावर मिळणं अवघड होतं. म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीची मागून घ्या.

आपल्या गावचं ऊन आणि सराटे

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. सायकल गच्चीवर किंवा अंगणात उन्हात ठेवू नका, टायरच्या बाजूच्या भिंतीला चिरा पडतात. हवा टायरवर छापलेल्या आकड्यांच्या मधली ठेवा. पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटजवळच्या रस्त्यांवर सराटे पसरतात. त्यांच्यासाठी पंक्चररोधक पट्टी टायरच्या आत बसवून मिळते. काळ्या मातीत गेलात तर मडगार्डमधला चिखल ओला असतानाच काढा. पाण्याचा जोराचा फवारा हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू नका, ग्रीस धुऊन निघतं.

चेन पट्टीने मोजता येते. 12 पूर्ण कड्या (एक बाहेरची आणि एक आतली मिळून एक पूर्ण कडी) नव्या असताना बरोबर 12 इंच भरतात. 12 इंच आणि वर इंचाचा सोळावा भाग झाला की चेन बदला. आठवा भाग होईपर्यंत थांबलात तर बहुधा कॅसेटही बदलावी लागते आणि खर्च कितीतरी वाढतो.

पक्कं बिल घ्या आणि बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेम नंबर त्यावर लिहिला आहे का, ते जुळवून बघा. वॉरंटीसाठी तो लागतो आणि सायकल चोरीला गेली तर पोलिसांत तोच द्यावा लागतो. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, चेन, गंज आणि अपघात सहसा तिच्यात येत नाहीत. पहिली सर्व्हिस महिनाभरात करून घ्या, तोवर केबल ताणल्या जातात आणि तारा बसतात. येताना बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.