वनपायवाट

उद्यानातील जंगलातून पायी फिरण्यासाठी आखलेली अरुंद, कच्ची वाट. छोटी वनपायवाट साधारण १ ते ३ किमी लांबीची असते आणि शक्यतो वळसा घेऊन सुरुवातीच्याच जागी येते. तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही आणि समोरून येणाऱ्यांची खेटाखेटही होत नाही.

आखणीत पहिला विचार पाण्याचा. उताराच्या धारेतच सरळ वर नेलेली वाट जोरदार पावसात ओघळ बनते, म्हणून ती उताराला आडवी, तिरपी चढवतात. सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १० मीटरला १ मीटर, ठेवतात. शिवाय तो डोंगराच्या मूळ उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. २० टक्के उतारावर ८ टक्के चढ चालतो. १० टक्के उतारावर तेवढाच चढ दिला, तर पाणी कडेने न निघता वाटेवरूनच धावते. सपाट जमीन नवख्याला सोयीची वाटते, पण तिथे पाणी तुंबून चिखल होतो.

वाट डोंगराच्या अंगात पूर्ण खोदून बसवतात. खोदलेली माती बाहेरच्या कडेला टाकून रुंदी वाढवली, तर तो भाग हमखास खचतो. एकामागे एक चालणाऱ्यांना ४५ ते ६० सेंमी रुंदी पुरते. पृष्ठभागाला दरीकडे सुमारे ५ टक्के कल देतात. चढत्या वाटेला अधूनमधून काही पावलांपुरता उलटा उतार दिला की त्या खळग्यातून पाणी बाहेर पडते. आडवे ओंडकेही लावतात. मात्र त्यांच्यामागे गाळ भरला की ते निकामी होतात.

पावलांनी वाटेचा मध्य दबतो, कडेला मातीचा वरंबा उठतो आणि पाणी आत अडकते. वरंबा फोडून कल पूर्ववत करणे ही मुख्य डागडुजी. ती चुकली की लोक चिखल टाळून कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. अशा जागी नुसती खडी ओतणे म्हणजे वरवरची मलमपट्टी. नागमोडी वळणावर वरचा टप्पा दिसला की लोक मधूनच घुसतात, म्हणून वळण मोठ्या खडकाआड किंवा दाट झुडपाआड घेतात.

डोक्यावर सुमारे अडीच मीटर जागा मोकळी ठेवतात, कारण पावसात भिजलेल्या फांद्या खाली झुकतात. खुणा दोन्ही दिशांनी दिसाव्यात. फाट्यावर तर हव्यातच. झाडावर पाटी ठोकताना खिळा थोडा बाहेर ठेवतात, नाहीतर वाढते खोड पाटी गिळते.